उत्तरेची खिडकी

मार्चात ऐलीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं,
एकाच डोळ्याचं, उजव्या.
ओउलूहून घरी आली, दारात बूट काढले,
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकली
आणि नवऱ्याला म्हणाली,
"हे असलं कुणी रंगवलं?"

रंगवलं तौनोनं. पण रंग तिचा,
सहा वर्षांपूर्वी माझ्याच दुकानात
या काउंटरवर कोपर टेकून निवडलेला.
सायीसारखा हवा, म्हणाली होती,
दुधावर रात्रभर धरलेल्या सायीसारखा.
मी सायीच्या एकूणएक पट्ट्या मांडल्या.
प्रत्येकीला नाक मुरडलं: पिवळी, फार पिवळी,
ही तर कावीळच.
शेवटी बोट ठेवलं ते एका करड्या पांढऱ्यावर
ज्यात मी निळ्याचे दोन थेंब टाकते.

मी सांगून पाहिलं.
रंगचक्र भिंतीवरून काढून पुढ्यात ठेवलं.
बाई, तुमची खिडकी उत्तरेची.
जूनच्या मध्यरात्री सोडल्या
तर तिच्यातून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो,
आणि केमीच्या हिवाळ्यात तोही तीन-चार तास, उसना.
थंड उजेडाला थंड भिंत दिलीत
तर दुधाचा पेलासुद्धा निळा दिसेल.
चक्रावर समोरासमोर बसतात ते एकमेकांना उठाव देतात,
शेजारी बसतात ते सांभाळून घेतात;
साठ टक्के भिंत, तीस टक्के सामान,
दहा टक्के हौस.
सगळं ऐकून घेतलं तिनं
आणि त्याच पट्टीवर पुन्हा बोट ठेवलं.
गिऱ्हाइकाच्या डोळ्यात शिरून बघता येत नाही.
मी डबा हलवायच्या यंत्रात लावला.

सहा वर्षं ती सायीत बसून कॉफी प्यायली
आणि तौनो, समोरच्या खुर्चीत,
बर्फात.
ब्र काढला नाही.
लोकरीचा स्वेटर घालून बसायचा, मे महिन्यातसुद्धा.
"मला वाटलं, तुला असंच आवडतं,"
एवढंच म्हणाला आता,
तेही माझ्या दुकानात, टोपी हातात धरून.

ऐली एक डोळा झाकते, मग दुसरा.
उजव्यानं बघितलं की दवाखान्याचा कॉरिडॉर,
डाव्यानं बघितलं की लोणी.
डाव्याची तारीख नऊ मे.
त्यानंतर लोणी कुठंच उरणार नाही,
म्हणून घाई.

"मला पुन्हा तसं दिसावं म्हणून नाही," ती म्हणते,
"याला एकदा दाखवायचंय
मी कुठं राहत होते ते."

तर गेले तीन दिवस आमचं हे चाललंय:
डाव्या डोळ्यापुढं जुन्या रंगाची चकती,
उजव्यापुढं नवी, ओली.
मी पिवळ्या मातीचा एक थेंब सोडते. अजून, म्हणते ती.
अजून एक. थांब. आता भडक झालं.
भडक झालं की समोरचा रंग लागतो, जांभळा,
सुईच्या टोकाएवढा;
तो पिवळ्याची मस्ती उतरवतो, पिवळेपण ठेवतो.
हे पुस्तकात आहे.
पुस्तकात नाही ते तौनोचं मागं उभं राहणं,
दर थेंबाला श्वास धरणं,
आणि तिनं मान हलवली की तो हळूच सोडणं.

काल दुकान बंद करायच्या वेळी
ती दोन्ही डोळे उघडे ठेवून म्हणाली, "हेच."
तौनो वाकला. चकतीकडे बराच वेळ बघत राहिला.
"फार पिवळं आहे," म्हणाला.
"हो ना," ती म्हणाली.
मग त्यानं विचारलं, किती डबे लागतील,
आणि छतही धरायला सांगितलं.