बाहेरकाठा

मोजणीदार विचारतो, गावाची हद्द कुठे होती?
त्याच्या काखेत नकाशाची गुंडाळी,
पायांत नवे गमबूट, खाडीने अजून न ओळखलेले.
मी बोट दाखवते. तिथे आता
चौदा मजली इमारतीचं पार्किंग आहे,
एक राखणदार खुर्चीत पेंगतोय.
मी म्हणते, ह्याच्याही थोडं पुढे.

शाळेतल्या नकाशात आमच्या पश्चिमेला
निळी शाई सुरू व्हायची आणि अक्षरं संपायची.
मास्तर म्हणाले, देशाच्या सीमेवर जवान असतात.
मी हात वर केला, आमच्या सीमेवर माझा बाप असतो.
वर्ग हसला.
पण होता. पोशा जोमा, बाहेरकाठ्याचा राखण्या,
वर्षाला तीन मण रात्याचं भात
आणि उघाडीच्या तोंडाशी घावेल ती मासळी.
हत्यार म्हणजे फावडं, कंदील,
आणि कान.

चिंबोरी बांध पोखरते तेव्हा ऐकू येतं, तो सांगायचा,
बोळक्या तोंडाने कुणी पान चघळावं तसं.
कित्येक रात्री मी मातीला कान लावला.
मला माझंच रक्त ऐकू यायचं.

इतिहास म्हणाल तर फार नाही.
कुणी म्हणतं बांध फिरंग्यांच्या वेळचा,
कुणी म्हणतं त्याच्याही आधीचा.
कागद एकच, पत्र्याच्या डब्यात, मोडीतला,
वाळवीने मधोमध वाचलेला.
भिवंडीच्या एका कारकुनाने लावून दिला:
जो समुद्र हटवील त्यास अमुक वर्षे माफ.
किती, ते वाळवीच्या पोटात.
हटवणाऱ्यांची नावं मुळातच नव्हती
की वाळवीला तीच गोड लागली,
कळायला मार्ग नाही.

भादव्यातली अवस. उधाण.
खांड परली रं, धावा!
डबे वाजले. लोकांनी पेंढा आणला,
पेंढा पुरेना तेव्हा घरांची दारं उचकटून आणली,
चांगुणाने लग्नातला पाट दिला, हळद लागलेला.
आणि काथोड वेटा,
दोन हात सांधावरून बापाला कोर्टात खेचणारा,
तो छातीभर पाण्यात उतरला
आणि बापाच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला.
सुकती लागेपर्यंत दोघं बोलले नाहीत.
पहाटे काथोड म्हणाला, बिडी हाय का?
बापाने भिजून लगदा झालेला कट्टा पुढे केला.
दावा त्यानंतर अकरा वर्षं चालला.

मग सरकारचा कागद आला.
त्यात शेत होतं, खाजण होतं, मिठागर होतं.
बांध नव्हता.
पीक नाही, पड नाही, रस्ताही नाही,
कुठल्या रकान्यात बसवणार?
दावा आपसूक मिटला, भांडायला सांधच उरला नाही.
साडेबारा टक्क्यांतून भावाला गाळा आला,
त्यात तो मोबाइलची कव्हरं विकतो.

बाप मात्र संध्याकाळी फावडं घेऊन निघायचा.
मातीचा भराव झाला, खडी झाली, डांबर झालं,
तो दुभाजकावरून चालायचा.
मध्येच वाकून
डांबराला कान लावायचा.
बसवाले भोंगे वाजवायचे.
ऐकू आलं का? मी एकदा विचारलं.
म्हणाला, जास्त येतं आता.

खूण काही आहे का बाई, दगड वगैरे?
मोजणीदाराला घाई आहे.
मी त्याला उतारावरून खाली नेते, गाड्यांच्या मागे,
भिंतीपाशी. गुडघ्याच्या उंचीवर
पांढरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
राखणदार मागून येतो, स्वतःहून सांगतो,
दरवर्षी रंग मारतो आम्ही, पण अवसेला परत फुटतं.

मी नखाने थोडं खरवडते, जिभेवर ठेवते.
इथे, म्हणते. लिहा.

तो पेन झटकतो, पुन्हा झटकतो.
कागदाला ओल आली आहे.