डबा नंबर सात

गुजरीच्या मागच्या बोळात, लाल बल्बाखाली,
सिदूआण्णा मगदूम पासपोर्ट साइजचे चेहरे धुवायचे.
मी ट्रे हलवायचो, तेरा वर्षांचा.
"पाळण्यागत हलीव रं, घुसळू नको," म्हणायचे,
आणि एखाद्या चेहऱ्यानं वर यायला वेळ लावला
की जर्मनांचं काढायचे.

टेहळणीची तुकडी होती म्हणे, बारा विमानांची.
बाँब नाही, काही नाही. नुसतं बघून जायची.
आधी वाळवंटावर, मग सिसिलीवर,
मग इटलीत, सांग्रो नदीच्या चिखलावर.
तुकडीचा नंबर आण्णांना कधीच कळला नाही,
कागद त्या जागी जळालेला.
हाती लागले ते सात डबे, आणि डब्यांच्या झाकणांवर
उडून आलेल्या वैमानिकांच्या सह्या:
पहिल्यावर अकरा. पाचव्यावर चार.
एका सहीची शेपटी लांब, वळणदार,
ती सहाव्यावरही होती.

मराठा पलटणीतल्या या शिपायाला
अंधारात हायपोचा वास ओळखता येतो, हे कळल्यावर
साहेबानं रायफल काढून घेतली
आणि हातात चिमटा दिला.
वीतभर नाही, चांगली हातभर रुंद फिल्म,
एकेका चौकोनात आपला अर्धा करवीर तालुका मावेल.

तिसऱ्या डब्याबरोबर त्यांनीच छापलेला एक फोटो होता.
नदीकाठ, द्राक्षांच्या तारा,
तारांवर पांढरे ठिपके, सरळ रांगेत,
भोवती लाल पेन्सिलीचं गोल
आणि प्रश्नचिन्ह.
"आमची लंगुटं ती!" आण्णा ट्रेवर वाकून हसायचे,
"आयतवारी धुवून वाळत घातल्याली.
एवढं शिकल्यालं जर्मन, भिंग लावून बसलं,
आनि त्याला लंगूट ठावं न्हाई!"

एकदाच पुढचं सांगितलं.
प्रश्नचिन्ह काढलं तरी तोफखान्याला कळवायचं असतंच.
सोमवारी पहाटे त्या तारांवर गोळे पडले.
कागलचा येसबा घड्या घालायला गेला होता.

सातवा डबा आण्णांनी स्वतः धुतला.
विमान पडलं होतं, फिल्म अर्धी शाबूत.
"क्यामेरा आपला आपण चालतोय, पोरा,
मानूस काय बी करूंदे."
पहिले वीस-बावीस चौकोन नेहमीसारखे, नकाशागत.
मग रस्ता जाडा झाला.
मग झाडांना फांद्या आल्या.
मग एक बाई, हातात बादली, वर बघणारी.
मग खुद्द विमानाची सावली,
गव्हाच्या शेतात की कशात,
आणि पुढं पांढरं.
आण्णांनी तो चौकोन तीनदा छापला.
"वाटलं, माझाच टाइम चुकला."

त्या डब्याच्या झाकणावर सही?
मी विचारलं होतं.
त्यांनी बल्ब बंद केला, दार उघडलं,
बाहेर कुणीतरी लग्नाच्या फोटोंसाठी खोळंबलं होतं.

पन्हाळ्याला दरवर्षी स्टुडिओची सहल जायची.
आण्णा खाली बसस्टँडवर चहा पीत बसत.

आता मी पन्नाशीचा. कलेक्टर कचेरीच्या तात्पुरत्या खोलीत,
पंचगंगेचं पाणी त्रेपन्न फुटांवर,
आणि मुली-मुलांची एक टीम ड्रोन उडवते आहे.
चिखली, आंबेवाडी: तांबडं पाणी, त्यात गच्च्यांचे चौकोन.
एका गच्चीवर पांढरे ठिपके.
संगणकानं आपणहून लाल चौकट काढली,
खाली लिहिलं: अनिश्चित.

"कपडे असतील, सर. वाळत घातलेले," ऋतुजा म्हणाली.
तीन दिवस पाऊस उघडला नव्हता.
"बोट सांग," मी म्हणालो. "आणि खाली घे."
तिनं खाली घेतलं.
गच्ची मोठी होऊ लागली, टाकीला नळ आला,
नळाला बांधलेलं धोतर, धोतराशी हात,

आणि मी, का कोण जाणे,
खिडकीबाहेर बघायला लागलो,
जिथं एक पोलीस
रेनकोटचं बटण लावत होता.