झाडाच्या डावीकडून

मेलेल्याला माती द्यावी, हे सगळ्यांनाच ठाऊक.
आमच्या भाटांना मात्र माती नव्हती.
गाती जीभ जमिनीत पुरली
तर पाऊस तोंड फिरवतो, विहिरी खारट होतात.
म्हणून त्यांना गोरखचिंचेच्या ढोलीत ठेवत,
ढोलासकट.

सालूमच्या खाडीतून परतणारे नावाडी
तेच झाड उजव्या खांद्यावर धरून
खारफुटीच्या अंधारातून वाट काढत.
शेंडा दिसला की घरी चूल पेटायची.

वय किती? एका फ्रेंच साहेबानं दोरी गुंडाळली,
अठ्ठावीस हात, असं वहीत लिहिलं,
आणि दोरी विसरून गेला. ती आम्ही बकरीला बांधली.
गाभा नव्हताच, कडी मोजायची कुठली?
तेनिंगआत्या वय सांगायची ते माणसांत:
सोम्बेल, त्याचा बाप, बापाचा तोतरा चुलता,
जो फक्त गाताना अडखळत नसे…
सतराव्या नावाशी तिला खोकला यायचा.
त्यापलीकडे झाड रोपच असावं.

मग स्वातंत्र्य आलं. मागोमाग एक कागद:
आरोग्याच्या कारणास्तव यापुढे ढोलीत कुणी नाही.
बिरामचा बाप लातीर त्याच हंगामात गेला.
त्याला चारचौघांसारखा आडवा केला
आणि गाव आभाळाकडे बघत बसलं.
पाऊस आला. पंधरा दिवस उशिरा.
कागदवाले म्हणाले, बघा, आला.
म्हातारे म्हणाले, बघा, उशिरा.

झाड पडलं ते वादळात नाही.
भर दुपारी, पान हलत नसताना,
ओल्या पोत्यासारखं खाली बसलं.
गोरखचिंच मागे लाकूड ठेवत नाही,
नुसता तंतूंचा भिजका भुसा.
हाडं मिळाली का, ते विचारू नका.
ढोल आवळायची एक वादी मिळाली
आणि मध. पाच घागरी मध.
घरोघर वाटला.
बिरामनं घेतला नाही.

आता तिथे मोबाईलचा मनोरा आहे,
रात्री त्याचा लाल डोळा मिचकावतो.
होड्यांना इंजिनं आली,
तरी सुकाणूवरचा अजून ओरडतो,
"झाडाच्या डावीकडून!"
ज्यानं ते कधी पाहिलं नाही, तोही.

परवा माझ्या पोरानं विचारलं, कुठलं झाड?
मी हातानं दाखवलं, तिथे.
त्याला दिसलं असावं,
कारण बघता बघता त्यानं मान वर केली,
मनोऱ्याच्याही वर,
आणि थोडा बाजूला सरकला,
जशी सावली अंगावर आल्यावर माणसं सरकतात.