ओळखीचा व्यवहार

केमीत मार्च म्हणजे दिवस लांबलेला, समुद्र मात्र अजून दगड.
पहाटे तीनला मी बर्फ सारायचा ट्रक घेऊन निघते,
सातला परतते तेव्हा ओत्सो दूध ओतून घेत असतो,
चार थेंब टेबलावर, बाकीचं पेल्यात.
आज तो माझ्या बुटांकडे बघत बसला होता.

टायरांसाठी ठेवलेले सहाशे बारा युरो गेले होते.
एकोणचाळीस वेळा.
कधी पाच, कधी वीस, एकदा ऐंशी.
एक ड्रॅगन घेतला, म्हणाला.
मग त्याची अंडी.
मग अंडी लवकर फुटावीत म्हणून ऊब.
ऊब विकत मिळते, हे मला ठाऊक नव्हतं,
उणे अठ्ठावीसमध्ये बारा हिवाळे ट्रक हाकूनही.

ओरडले. खोटं कशाला बोलू.
भिंतीपलीकडे तौनो आजोबांनी टीव्हीचा आवाज कमी केला,
नीट ऐकू यावं म्हणून.

बँकेच्या रांगेत माझा नंबर अकरावा.
तेवढ्या वेळात कॉफी उकळून कडू झाली.
मग एक तरुण आवाज, नम्र, सर्दीनं जड:
"पिर्कोबाई, हे व्यवहार तुम्ही ओळखता का?
नाही म्हणालात, तर ही चोरी.
तशी तक्रार नोंदवता येईल.
हो म्हणालात, तर..."
तो नाक पुसायला थांबला.

ओळखते का?

तीन वाजून बारा मिनिटं, पहिला व्यवहार.
तीनला माझे नारिंगी दिवे कोपऱ्यावर वळतात.
मी ते दोनदा उघडझाप करते,
तो खिडकीत असतो, मग झोपायला जातो.
असं मला वाटायचं.
दिवे दिसेनासे होईपर्यंत तो थांबला, हे ओळखते.
आणि कार्डामागचे ते तीन आकडे.
गेल्या शरदात माझा चष्मा तुटला होता,
त्याच्याच बुटांची मागणी भरायची होती.
"वाच रे," म्हणाले मी,
आणि त्यानं वाचले, पाढ्यासारखे: सात, शून्य, चार.
"हुशार गं माझं बाळ."
शाबासकीसकट पाठ झाले ते त्याला.

"बाई, ऐकताय ना?"
"ओळखते," मी म्हणाले.
"सगळे?"
"एकोणचाळीसही."

दाराआड ओत्सो उभा होता.
त्याला काय ऐकू आलं, मी विचारलं नाही.

खेळाच्या कंपनीला पत्र लिहिलं. मुलगा नऊ वर्षांचा आहे, लिहिलं.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं, खाली हसरा ड्रॅगन.
एकशे बासष्ट परत.
राहिले साडेचारशे.
बाटल्या-डबे परत घेणारं यंत्र आहे दुकानाच्या दारात,
एका डब्याला पंधरा सेंट.
म्हणजे बरोब्बर तीन हजार डबे.
हिशेब इतका गोल आला, की दोघांनाही त्याचा राग आला.

आता तो शनिवारी बंदरावर जातो, ढिगाऱ्यांतून डबे उपसतो.
तौनो आजोबा मुद्दाम जास्त बिअर पितात,
म्हणतात, पोराला हातभार.
पहिली चिठ्ठी फ्रीजवर आहे: तीन युरो पंचेचाळीस.
तेवीस डबे. एक चेपलेला होता, यंत्रानं तो घेतला नाही.
तो त्याच्या खिशातच राहिला.
मी पँट धुताना सापडला. परत ठेवला.

ड्रॅगनचं काय झालं, मी एकदा विचारलं.
"आहे," म्हणाला. "उपाशी आहे."
मग बराच वेळ आम्ही दोघं
उपाशी ड्रॅगनविषयी गंभीरपणे बोललो.

काल नवं कार्ड आलं.
पाकीट फोडलं, पाठीवरचे आकडे वर आले,
झाकायला मी हात उचलला,
पण त्याच्याआधीच
त्यानं मान खिडकीकडे वळवली,
अंग न हलवता, सवय असल्यासारखी,
आणि विचारलं:
"झालं का गं, बघू आता?"