डावीकडे ओढ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
सुके बांगडे आणि जुने चार्जर यांच्या मधल्या फळीवर
मिळाला हा कंट्रोलर, साडेसहाशेला.
विकणारा म्हणाला, चालू आहे, घरी जाऊन बघ.
घरी म्हणजे सारमानसला,
धक्क्यापासून तिसऱ्या दारी.

पहिल्या रात्री संगणकाला तो दिसलाच नाही.
दिवा लागला, आतली मोटर एकदा गुरगुरली,
पण पडद्यावर तेच : काहीही जोडलेलं नाही.
तीन रात्रींनी कळलं, दोष तारेचा.
ती नुसती वीज नेणारी होती,
निरोप नेणारी नव्हती.
अशी माणसंही असतात, असं लिहिणार होते,
राहू दे. तार बदलली.

मग दिसला, तो दोनदा दिसला.
एक खरा, एक त्याचं भूत,
आणि खेळ ऐकायचा भुताचं.
भूत काढलं. ड्रायव्हर पुसला, परत घातला.
बिनतारी करून पाहावं म्हणून ब्लूटूथ लावलं,
तर लॅपटॉपने आधी ओळख दाखवली
शेजारच्या रुझारच्या स्पीकरला
(माझ्या वाढदिवसापासूनची ओळख)
आणि माझ्या तलवारीचा खणखणाट
त्याच्या बाल्कांवात वाजला, रात्री साडेबाराला.
कुत्री भुंकली. रुझार शिव्या देत उठला.
मी पुन्हा तारेवर आले.

आता सगळं जुळलं, फक्त
माणूस उभा राहीना.
अंगठा उचलला तरी चालतोच डावीकडे,
हळूहळू, कुणी बोलावल्यासारखा,
कड्यापर्यंत, आणि खाली.
पुन्हा जन्म. पुन्हा डावीकडे.

आल्दिना नर्सने स्पिरिट दिलं बाटलीभर.
स्टिकच्या बुडाशी बोळा फिरवला, तो लाल झाला.
खाण बंद पडून इतकी वर्षं झाली,
या घरात अजून काहीही पुसा,
कापूस लालच निघतो.

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला उठले.
"कितें जालें गो?"
म्हटलं, हात लावत नाही, तरी डावीकडे जातो.
तांब्या हातात घेऊन ते बघत राहिले
तीन मरणं.
"आमची बार्जूय अशीच," म्हणाले, आणि बसले.

सेटिंगमध्ये एक पट्टी असते :
किती हालचालीकडे काणाडोळा करायचा.
मी ती चौदावर नेली. माणूस थांबला.
पण आता त्याला हळू चालता येईना,
चवड्यांवर येईना, पहारेकऱ्याच्या मागून जाता येईना.
थोडं ढकललं तर ऐकू जात नाही,
जास्त ढकललं तर धावत सुटतो.

बाबा म्हणाले, पट्टी खाली आण.
अठ्ठावीस वर्षं त्यांनी सुकाणू धरलं,
इथून मुरगावपर्यंत, पोटात माती भरून,
आणि चाक ओढायचं डावीकडे, नव्या मालकापर्यंत कुणी दुरुस्त केलं नाही.
नवा मालक आला तो बार्ज मोडीत काढायला.
"ओढ काढायची नसते. तितकाच उलटा हात ठेवायचा."
पट्टी सहावर आणली.

त्यांनी कंट्रोलर घेतला, उलटा,
मी सुलटा करून दिला.
जाड अंगठा टेकला उजव्या अंगाला,
दाबला नाही, नुसता ठेवला,
आणि माणूस कड्यावर उभा राहिला.
वाऱ्याने त्याची टोपी हलत होती.
जेवतानाही त्यांचं मनगट असंच वळलेलं असतं,
आई म्हणते, संधिवात.

मग त्यांनी त्याला चालवत नेलं,
शत्रू सोडून, खजिना सोडून, देवळाची वाट सोडून,
खाली, जिथे पडद्यावर पाणी होतं.
काठावर एक होडी बांधलेली.
इतके दिवस खेळते, मला ती माहीत नव्हती.

"चढायचं बटण कुठलं?"
हिरवं, मी म्हटलं, आणि विसरले
की हिरवं आणि तांबडं अजून उलटं आहे,
तेवढं दुरुस्त करायचं राहिलं होतं.
माणसाने सूर मारला थेट पाण्यात, टोपीसकट.

बाबा इतक्या मोठ्याने हसले
की पलीकडून रुझारने विचारलं,
आता काय बिघडलं?