धुकं परत आणताना

सीडीवर हर्षलचं अक्षर, काळ्या मार्करनं:
दवाखाना, भाग १. रात्री लावू नये.
खाली बारीक: गांगुर्डेची आहे, परत द्यायची.
वीस वर्षं झाली. दिली नाही.

नव्या पीसीला सीडीची खाचच नाही.
शालिमारहून साडेआठशेचा ड्राइव्ह आणला.
दुकानदार म्हणाला, ताई, हा आता
लग्नाचे जुने व्हिडिओ बघणारेच नेतात.
घरी लावला तर घरघरला, थांबला, परत घरघरला,
दम्याचा माणूस जिन्यात थांबतो तसा.

पहिल्यांदा काळा पडदा.
दुसऱ्यांदा काळा पडदा आणि एक टिंग.
मग मशीनला खोटं बोलायला शिकवलं:
कुणी विचारलं तर सांग, मी अठ्ठ्याण्णव सालचा.
बत्तीस जीबी पोटात घेऊन बसलेलं ते
निमूट म्हणालं, हो.

चालू झाला.
पण असा, की तो वॉर्डबॉय,
ज्याच्यासाठी प्रेसच्या क्वार्टरमध्ये
आम्ही पाय खुर्चीवर घेऊन बसायचो,
तो कॉरिडॉरच्या टोकापासून
मला शिंक यायच्या आत आला
आणि मारून निघूनही गेला.
जुना खेळ पावलं मोजतो प्रोसेसरच्या ठोक्यावर.
ठोके वाढले की भूतसुद्धा
सुटलेल्या सिटीलिंकमागे धावल्यासारखं धावतं.
मी हसले. एकटीच, पावणेएक वाजता.
नंतर वाईट वाटलं,
कुणा म्हाताऱ्याची नक्कल केल्यासारखं.

आणि धुकं नव्हतंच.
नवीन ग्राफिक्स कार्डला ते धुकं कळत नाही,
ते सगळं स्वच्छ दाखवतं.
फाटकापुढे रस्ता नाही.
चार झाडं, पुठ्ठ्याची, मागून पोकळ.
मग एक करडी कड, तिथे जग संपतं.
एवढ्याशा अंगणाला आम्ही अख्खी मे महिन्याची सुट्टी
जंगल समजत होतो.

पुढचं काढणं तेव्हाच्या मशीनला परवडत नव्हतं,
म्हणून धुकं.
आप्पा दिवसभर प्रेसमध्ये नोटांचे ताव मोजायचे
आणि पंचवीस तारखेनंतर घरात
असंच अंधुक बोलायचे.
बघू. पुढच्या महिन्यात बघू.
मी कधी त्या वाक्याच्या पलीकडे चालत गेले नाही.

कुण्या परक्या देशातल्या माणसानं
फुकट लिहून ठेवलेली एक फाइल मिळाली,
ती खेळाच्या फोल्डरमध्ये टाकली.
फ्रेम तीसवर बांधल्या.
सोळापैकी पंधरा कोअर झोपवले,
एकच जागा ठेवला, सोसायटीच्या वॉचमनसारखा.
आलं. आधी पायाशी, मग झाडांत,
मग फाटक गेलं.

तेवढ्यात देवळालीला तोफ वाजली.
रात्रीचा सराव. खिडकीची काच थरथरली.
हर्षल म्हणायचा, दार उघडलं बघ त्यानं.
आणि नेमकी त्याच वेळी वीज जायची,
लोडशेडिंग, सेव्ह न केलेलं,
खरी किंकाळी तेव्हाच यायची.

वॉर्डबॉय आला. एक पाय ओढत.
किती हळू येतो हा.
इतका वेळ होता आपल्याकडे?

पण मला चालता येईना.
कीबोर्ड एकच होता ना तेव्हा.
बाण हर्षलचे, स्पेसबार माझा:
तो चालायचा, मी गोळी घालायची.
माझ्या उजव्या हाताला अजून फक्त थांबणं येतं.
भिंतीला तोंड लावून उभी राहिले,
मागून तो पाय, फरशीवर, सरक, सरक.
हर्षल आता अंबडला कारखान्यांत सीसीटीव्ही बसवतो,
रात्री फोन उचलत नाही.
तरी लावला. वाजू दिला.

पाय वर घेतले खुर्चीवर.
फरशी गार होती, म्हणून.