कच्चं काम

"स्क्रॅच डिस्क भरली आहे."
तिसऱ्यांदा. आणि नेमकी
काळभोरबाईंच्या वडिलांच्या डाव्या डोळ्यापाशी.

फोटो खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला, अडुसष्ट सालचा.
बावन्न माणसं, तीन रांगा, पुढे एक कुत्रं हललेलं.
कसरीनं खाल्लाय एकच चेहरा,
मागच्या रांगेत, डावीकडून सातवा.
मी हौसेनं स्कॅन केला एवढा मोठा
की सदऱ्याच्या बटणातली भोकं मोजावीत,
आणि मशीननं हात टेकले.

तपकीर गल्लीत स्कूटर लावायला जागा नसते.
लावली.
मुदस्सरनं विचारलं, "ठेवायचं काय आहे हिच्यावर?"
म्हटलं, "काहीच नाही."
तो जरा थांबला.
त्याच्याकडे लोक लग्नं ठेवायला येतात,
बारशी, दुकानाचे हिशेब, न पाहिलेले सिनेमे.
नुसती मोकळी जागा मागणारं गिऱ्हाईक
बहुतेक पहिलंच.
"म्हणजे खरडायला," तो म्हणाला,
आणि ड्रॉवरमधून काढली
दोनशे छप्पन जीबीची,
पत्त्यांच्या कॅटएवढी, पण वजनच नाही हाताला.

धनकवडीला परत. चार स्क्रू,
त्यातला एक टेबलाखाली गेला तो गेलाच.
डिस्कला नाव द्या म्हणालं, मी लिहिलं: कच्चं.
मग प्रेफरन्सेसमध्ये शिरून
सी-समोरची खूण काढली, डी-समोर केली.
बंद करून पुन्हा उघडा म्हणालं. उघडलं.

गणिताच्या पेपराला आम्ही उजवीकडे
पट्टीनं रेघ मारायचो, वर लिहायचो: कच्चे काम.
त्याला गुण नसत.
पण उत्तर चुकलं की बेंडाळे सर
आधी तिथंच बघत,
हात कुठं घसरला ते.

रात्री अकराला पुन्हा सातवा माणूस.
त्याचाच उजवा डोळा उलटा करून लावला: चकणा झाला.
शेजारच्याचा घेतला: फार खुशीत.
मुकादमाचा बसेना, पापणी जड.
असे अठरा.
मशीन आता कुरकुरत नव्हतं,
एकेक डोळा गपचूप खाली ठेवून घेत होतं,
न जाणो, परत लागला तर.
दीड वाजता आठवलं, बाईंनी मार्चमध्ये
इथंच पासपोर्ट फोटो काढला होता.
त्यातला डावा घेतला. सुरकुत्या काढल्या.
जरा राखाडी केला.
बसला.

फाइल सेव्ह, प्रोग्राम बंद.
डीवर चौऱ्याऐंशी जीबी भरलं होतं,
पापणी लवेपर्यंत शून्य.

बाई गुरुवारी आल्या.
चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिला.
"मी दोन वर्षांची होते. मला काही आठवत नाहीत ते,"
म्हणाल्या, "पण अगदी असेच."
पर्समध्ये ठेवायला एक छोटी कॉपी मागितली.
तिचे पैसे मी घेतले नाहीत,
तर त्यांना संशय आला. मग घेतले.

डोळा कुणाचा ते बोललो नाही.
जिथं लिहिलेलं होतं ती जागा
पुन्हा पूर्ण मोकळी आहे, दोनशे छप्पन.
खरं तर दाखवते दोनशे अडतीस.
वरचे अठरा कुठं जातात विचारलं,
तर मुदस्सर म्हणाला,
"सगळ्यांचेच जातात."